वीणेकरी आजोबा आणि मृदंगाचं लाइव्ह

नमस्कार श्रोतेहो. गावोगावी सप्ताह सुरू आहेत, तेव्हा आज कीर्तनाबद्दल बोलू या. म्हणजे कीर्तनात वाजवता वाजवता मोबाइलमध्ये डोकावणाऱ्या वादकांबद्दल.

मोबाइलशी माझं वैर नाही, हे आधीच सांगतो. २०२० साली आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, वारकरी घरी अडकले, तेव्हा लोकांनी कीर्तनं ऐकली ती मोबाइलवरच. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आजही त्याचाच आधार आहे. तेव्हा लाइव्ह जरूर करा. माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्या हातात वाद्य आहे त्यानं ते करू नये. पुन्हा सांगतो, लाइव्ह करा, पण वादकानं नको.

अडचण होते ती निरूपणात. अभंगाचं चरण झालं की महाराज बोलायला लागतात आणि मृदंगवाल्याचे हात रिकामे होतात. हात रिकामे, कान मात्र कामावर. कारण महाराज बोलता बोलता एकदम चाल धरतात, त्याची आगाऊ वर्दी कुणी देत नाही.

आता तो किस्सा. आमच्या भागातल्या एका सप्ताहात मृदंगाला एक तरुण पोरगा होता. हात फार गोड. फलकावर नावामागे ‘मृदंगाचार्य’. हल्ली फलकावर सगळेच आचार्य असतात, साधा वाजवणारा कुणी उरलाच नाही, असो. तर या आचार्यांनी पखवाजासमोर स्टँड लावला, मोबाइल चढवला आणि लाइव्ह सुरू केलं. निरूपण सुरू झालं की हा वाकून कमेंटी वाचायचा. मामानं ‘माउली’ लिहिलं की त्याला लगेच हात जोडलेलं चित्र.

एकदा महाराज अगदी रंगात आले आणि भर वाक्यात त्यांनी गजर उचलला. टाळकऱ्यांनी टाळ धरले, पण मृदंग येईना! पोराचा अंगठा पडद्यावर. दचकून त्यानं डाव्या हातानं मोबाइल बाजूला सारायला घेतला. आता पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावलेली असते, हे तुम्ही पाहिलंच असेल. ती सगळी बोटांना. पडद्यावर कणकेचा पट्टा उमटला, कॅमेरा फिरला, आणि लोकांना मांडवाचं छत दिसायला लागलं. तोवर टाळकरी दोन गटांत फुटलेले, अर्धे पुढे, अर्धे मागे. महाराजांनी मान वळवून पाहिलं, बोलले काहीच नाहीत.

बाजूला वीणेकरी आजोबा उभे होते. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. म्हणजे आजोबांचे हात अडकलेले, आणि भर गजरात तोंडानं रागावायची सोय नाही. पाय लावणं तर दूरच. त्यांनी काय करावं? टाळकऱ्यांच्या पावलीत पावली मिसळत ते हळूहळू सरकले आणि मोबाइल अन् मृदंग यांच्या बरोबर मध्ये येऊन उभे राहिले. मोबाइलकडे पाठ करून.

पोरानं एव्हाना कॅमेरा सरळ केला होता. त्यामुळे पुढचं अख्खं कीर्तन घरबसल्या मंडळींनी पाहिलं ते आजोबांचं धोतर. पांढरंशुभ्र धोतर, पडदाभर. खाली कमेंटी धडाधड: ‘बाबा बाजूला व्हा’, ‘आचार्य दिसत नाहीत’, ‘आजोबा, जरा डावीकडे’. वाचणार कोण? पोराच्या पुढ्यात मोबाइलच उरला नव्हता, समोर आजोबा होते. खाली मान घालून तो असा वाजवायला लागला, की शेवटच्या गजराला महाराज स्वतः त्याच्याकडे वळून नाचले.

प्रसादाच्या वेळी पोरगं आजोबांच्या पाया पडलं आणि म्हणालं, “बाबा, मुद्दाम उभे राहिलात ना?” आजोबा म्हणाले, “छे रे बाळा, मला तिथून महाराज नीट ऐकू येत होते.”

दुसऱ्या दिवसापासून मंडळींनी मोबाइल मांडवाच्या खांबाला बांधला आणि नववीतल्या एका पोराला राखणीला बसवलं. आवाजही सुधारला, कारण टाळाच्या अगदी जवळ मोबाइल ठेवला की आवाज फाटतो, लांबून टाळ आणि मृदंग वेगवेगळे कळतात. मंडपातल्या कर्ण्यांना जो बेसुमार एको लावतात, त्याचाही असाच बंदोबस्त कुणीतरी करायला हवा. महाराजांचा शब्द कळायच्या आत त्याचे तीन तुकडे होतात! पण तो विषय पुन्हा कधीतरी.

खांबावरून मृदंगवाला अर्धाच दिसतो, अशी आचार्यांची तक्रार मात्र अजून चालू आहे.

राम कृष्ण हरी, श्रोतेहो. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू.