कुरडईचे गहू आणि लाइपझिगची गोझे

नमस्कार. आधीच सांगते, 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. मी बोलणार आहे ते जर्मनीतल्या लाइपझिग शहराबद्दल. मी तिथं राहत होते आणि तिथं घरी करायला मुभा आहे.

गोझे ही गव्हाची आंबट बिअर. मूळची जर्मनीतल्याच गोस्लार गावची, नाव तिथल्या गोझे नदीचं, पण मोठी झाली लाइपझिगात. तिच्यात मीठ आणि धने पडतात. धने! कास्तीच्या कोथिंबिरीच्या लातूर जिल्ह्यात बसून हे ऐकताय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता 2016 चा एप्रिल आठवा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं. त्याच महिन्यात मी माझं पहिलं 20 लिटरचं पातेलं आंबवायला ठेवलं. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर ओकारीसारखा वास. सगळं मोरीत ओतलं. इकडे आई घागरी मोजतेय आणि मी 20 लिटर ओतून देतेय, हे मला फार लागलं.

फोनवर आईनं एवढंच विचारलं, "पाणी रोज बदललंस का गं?"

तिच्या डोळ्यापुढं कुरडईचे गहू होते. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग दाणा चिमटीत दाबला की पांढरा चीक बाहेर येतो. पाणी बदललं नाही तर गहू आंबण्याऐवजी नासतो. त्या वर्षी तिनं गहू भिजवलेच नव्हते. म्हणाली, "बदलायला पाणी आणू कुठून?"

मी दोन दिवस त्यावरच विचार करत होते. दाण्याबरोबर आंबवणारे जिवाणू येतात, तसे नासवणारेही येतात. आईचं बदललेलं पाणी नासवणाऱ्यांना धुऊन काढतं. बिअरचा काढा, म्हणजे धान्य गरम पाण्यात ठेवून गाळलेलं पाणी, काही बदलता येत नाही. पण तो आधीच थोडा आंबट केला, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आंबट) 4.5 च्या खाली नेला, तर नासवणारे तग धरत नाहीत आणि आंबवणारे धरतात. तिथले लोक त्यासाठी बाटलीतलं लॅक्टिक ॲसिड घालतात. माझ्या डब्यात पानचिंचोलीची चिंच होती. चिंच चवीसाठी नंतर घालतात, पण माझं म्हणणं आहे, ती आधी घाला, राखणीला. खरा आंबटपणा जिवाणूच आणतात.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा कृती भरभर सांगते. 20 लिटरला दोन किलो मोड आणून वाळवलेला गहू, तसंच मोड आणून वाळवलेलं दीड किलो जव, अर्धा किलो ज्वारीचं पीठ शिजवून. हे पाण्यात 65 अंशांवर तासभर ठेवा. गव्हाला टरफल नसतं, गाळताना गाळ बसतो, म्हणून जव हवंच. गाळलेला काढा उकळून 40 अंशांवर आणा, चिंचेचा कोळ घाला, मूठभर अख्खे मोडाचे दाणे टाका, हवा लागू देऊ नका. दोन दिवसांत पीएच 3.4 च्या आसपास येतो. मग दाणे काढून पुन्हा उकळा. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, आता, चिमूटभरच. आधी घातले तर जिवाणूंचं काम थांबतं. शेवटी 15 ग्रॅम मीठ, 20 ग्रॅम भरडलेले धने, गार करून यीस्ट.

दुसऱ्या पातेल्याचं झाकण काढलं तेव्हा ताकासारखा वास आला. मी आधी आईला फोन लावला.