टक्के, पण कशाचे टक्के?

नमस्कार मंडळी. मला सांगितलं होतं बारावीची पोरं असतील, मोलॅरिटीवर, म्हणजे द्रावण किती दाट ते मोजण्यावर बोला, आणि समोर बघते तर अर्धे बागायतदार, सावईवेऱ्याहून सुद्धा कोण कोण आलेत, म्हणजे आता फळ्यावर एम बरोबर एन भागिले व्ही लिहून चालायचं नाही. ते येईल मागून. आधी बॅरल.

आमच्या कुळागरात, म्हणजे गोव्यातल्या सुपारीच्या बागेत, मी शाळेत असताना बाबांनी बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं मोरचूद-चुन्याचं औषध, मारायचं ठरवलं. शेजारच्या काकांनी सांगितलं, सोपं आहे, एका बॅरलाला एक किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, नि एक किलो चुना. बाबांनी तेच केलं. गंमत अशी की काकांचं बॅरल वरून कापलेलं, जेमतेम 100 लिटरचं, आणि आमचं अख्खं 200 चं. म्हणजे काकांचं बोर्डो एक टक्का आणि आमचं अर्धा! त्या पावसाळ्यात कोळेरोगाने हिरव्या सुपाऱ्या कुजून माड्यांखाली, म्हणजे सुपारीच्या झाडांखाली, नुसता सडा. सगळं त्या बॅरलामुळेच असं मी म्हणणार नाही, पाऊस पण तसाच होता, पण मोरचूद किती घातला हे सगळ्यांना पाठ आणि कशात घातला हे कुणीच विचारलं नाही, हे खरं.

इथे एक टक्का म्हणजे 100 लिटर तयार मिश्रणात 1 किलो मोरचूद. तयार मिश्रणात हां, 100 लिटर पाण्यात नव्हे. फरक कमी वाटतो ना? मग हे बघा, 50 मिली शुद्ध अल्कोहोल आणि 50 मिली पाणी एकत्र केलं तर 100 मिली होत नाही, 96-97 च्या आसपासच भरतं. म्हणून लॅबमध्ये आम्ही आधी थोड्या पाण्यात विरघळवतो आणि मग फ्लास्कच्या रेघेपर्यंत पाणी भरतो. पोरं दरवर्षी आधीच लिटरभर पाणी मोजून घेतात, मी दरवर्षी ओरडते.

अल्कोहोलचं नाव काढल्याबरोबर मागची रांग जागी झाली, बरं झालं. फेणी किती ग्रावाची विचारलं तर सांगतात 18, 19. आणि लोकांना वाटतं तेवढे टक्के. नाही हो! ग्राव हे मोजमाप दारू किती कडक ते बघायच्या जुन्या कार्तिये पट्टीवरचं, त्यात साध्या पाण्यालाच 10 मार्क मिळतात आणि शुद्ध अल्कोहोल 44 च्या आसपास. ती 19 ग्रावाची फेणी टक्क्यांत चाळीसच्या वर जाते. गंमत म्हणजे ती पट्टी द्रवाचा दाटपणा मोजायच्या बोमेच्या पट्टीतच फेरफार करून केलेली, आणि मिठागरात बोमेच्याच डिग्रीने पाणी मोजतात, साधारण 25 डिग्रीला मीठ धरायला लागतं. म्हणजे आगरवाड्याचं मीठ आणि काजूची फेणी मोजमापाने चुलतभाऊ.

आता मोल. नारळ आपण शेकड्यावर विकतो, सुपारी किलोवर, बरोबर? रसायनं एकमेकांना भेटतात ती नारळासारखी, नगावर, आणि आपल्याला मात्र ती सुपारीसारखी वजनावर मोजावी लागतात. किलोवरून नग काढायचा हिशेब म्हणजे मोल, एवढंच. निळ्या मोरचुदाचा एक मोल 249.7 ग्रॅम. आपल्या एक टक्का बोर्डोत लिटरला 10 ग्रॅम, 10 भागिले 249.7, म्हणजे 0.04 मोल लिटरला. झाली मोलॅरिटी. पण त्या निळ्या खड्यात पाच रेणू पाणी धरलेलं असतं, 249.7 पैकी 90 ग्रॅम नुसतं पाणीच! एखाद्याने पुस्तकात बिनपाण्याच्या मोरचुदाचा 159.6 बघून हिशेब केला आणि डब्यातून निळा मोरचूद तोलला, की द्रावण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हलकं. परीक्षेत दोन मार्क जातात, बागेत किती जातं ते तुम्हीच सांगा.

एका काकांनी मघाशी विचारलं की दर वेळी मोरचूद तोलत बसायला कंटाळा येतो. मग दाट करून ठेवा, 1 किलो मोरचूद विरघळवून एकूण 10 लिटर करा, म्हणजे 10 टक्के. भांडं प्लास्टिकचं, लोखंडी अजिबात नको. 16 लिटरच्या पंपाला एक टक्का हवा तर 16 गुणिले 1 भागिले 10, म्हणजे 1.6 लिटर त्यातलं घ्यायचं. उरलेल्या पाण्यात 160 ग्रॅम चुना कालवा, आणि मोरचूद त्या चुन्याच्या पाण्यात ढवळत ढवळत ओता. पण एकत्र केलं की त्याच दिवशी मारून टाका, दुसऱ्या दिवशी त्याला काही अर्थ नाही.

आणि चुन्याचा हिशेब मात्र कागदावर जमत नाही, सांगून टाकते. चुनकळीचा मोल 56 ग्रॅम, विरवलेल्या चुन्याचा 74, आणि पोतं सहा महिने उघडं पडलं असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन त्यातला किती चुना राहिला ते देव जाणे. म्हणून जुने लोक सुरी बुडवतात. घासलेली लोखंडी सुरी थोडा वेळ मिश्रणात धरायची, पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, पानं जळतील, अजून चुना घाला. थर येईना की थांबा. आम्ही लॅबमध्ये टायट्रेशन करतो, म्हणजे पुरेसं झाल्याची खूण दिसेपर्यंत थेंबथेंब घालत जातो, त्याचंच हे कुळागरातलं रूप, आणि खरं सांगू, जुन्या चुन्यासमोर माझ्या कॅल्क्युलेटरपेक्षा मी सुरीवरच जास्त भरवसा ठेवीन.

कोणीतरी मोरचूद आणलाय म्हणे? मग चला बाहेर अंगणात, इथे टाइल्सवर डाग पडला तर हॉलवाले मला परत बोलावणार नाहीत. आणि बादली आणाल ती किती लिटरची ते आधी बघून आणा.