आमचे चिरंजीव

नमस्कार, श्रोतेहो. आज २१ मार्च, जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस. तारीख मुद्दाम निवडलेली आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये बहुधा एकविसाव्या गुणसूत्राची जोडी नसते, तिकडी असते. म्हणून तिसरा महिना आणि एकविसावी तारीख.

माझा मुलगा झाला तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. उचललं की बाळ हातातून घरंगळायचं, ओल्या पंच्यासारखं. घरी आल्यावर सासूबाईंनी पहिलं विचारलं, "ग्रहणात विळी घेतली होतीस का गं?" मीही कित्येक रात्री तेच आठवत पडायचे. त्या दिवशी भाजी चिरली कोणी? शेवटी बालरोगतज्ज्ञांनी कागदावर रेघा ओढून दाखवल्या. हे जास्तीचं गुणसूत्र बहुतेकदा गर्भ राहतानाच आलेलं असतं आणि १९५९ सालीच ते पॅरिसमध्ये सापडलंय. विळीचा काही संबंध नाही. त्या रात्री मी पोटभर जेवले.

खरं सांगते, माया लगेच नाही आली. आधी नुसती भीती. अशा जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. आमचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईपर्यंत मी देवापुढे बसून होते. माया आली ती वाटी-चमच्यातून. अंगावर ओढायची त्याला ताकद नव्हती, जीभ सारखी बाहेर. दूध काढून एकेक चमचा पाजायचं, पाऊण पाऊण तास. तो मध्येच झोपायचा, मी टाळूवर फुंकर घालून उठवायचे, की एक डोळा उघडून असा काही वैतागून बघायचा! त्या बघण्यावर जीव जडला.

लोक म्हणतात, "देवाघरचं लेकरू, किती निष्पाप!" निष्पाप कसलं? आमचे चिरंजीव सतरा वर्षांचे आहेत. डब्यातला शेंगदाण्याचा लाडू लंपास करतात आणि "आजीनं खाल्ला" म्हणून सांगतात. आजीला एक दाढ शिल्लक नाही. तरी ती म्हणते, "हो, मीच खाल्ला." विळीचं विचारणारी ती हीच.

पुढच्या वर्षी तो अठरा पूर्ण करेल, कायद्यानं सज्ञान होईल. मग बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. आईनं आपल्याच पोराची पालक होण्यासाठी अर्ज भरायचा! वाचून आधी हसू आलं. मग त्याच कागदावरचा 'माझ्यानंतर कोण' हा प्रश्न दिसला आणि अर्ज कपाटात ठेवून दिला. काढायला हवा.

आज इथे यायला मला दहा मिनिटं उशीर झाला, तो त्याच्यामुळे. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. मी हात पुढे केला, तर त्यानं तो बाजूला सारला. "मी." सगळी सोडली, पुन्हा लावली. पुन्हा एक घर चुकलंच.

आता काचेपलीकडे बसलाय, कॉलर एका बाजूनं वर. मी बघतेय म्हटल्यावर अंगठा दाखवतोय.