बाग नक्की दिली कुणी? पाटीवरचं नाव आणि सातबारावरचं नाव

(पडद्यावर: जांभ्याचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, लोखंडी फाटक, आत बकुळीचं झाड आणि शेवाळलेली संगमरवरी पाटी)

नमस्कार मंडळी. कोकणात वेशीवर, बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर, शाळेच्या मागे अशी एखादी बाग असतेच. कुणाच्या तरी स्मरणार्थ कुणीतरी दिलेली. गावात विचारा, कुणी दिली? तीन माणसं चार नावं सांगतील, आणि गंमत म्हणजे चारही बरोबर असू शकतात. जागा एकाची, पैसा दुसऱ्याचा, विहीर खणायला श्रमदान वाडीचं आणि नाव चौथ्याचंच. आज हे धागे वेगळे कसे करायचे ते बघू.

सुरुवात पाटीपासून. पण आधी हातातली तारेची घासणी खाली ठेवा. ॲसिड तर नकोच, लिंबूसुद्धा नको. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, आंबट लागलं की विरघळतो आणि उथळ अक्षरं कायमची जातात. साधं पाणी, मऊ ब्रश, बास. शेवाळं दोन तास ओलं राहू द्या, मग हलक्या हाताने सुटतं. अक्षरांत भरलेलं शिसं गळून गेलं असेल तर संध्याकाळी टॉर्च पाटीला जवळजवळ चिकटवून, बाजूने आडवा धरा. दुपारच्या उन्हात कोरी दिसणारी ओळ सावलीमुळे वाचता येते.

(पडद्यावर: पाटीचा तडकलेला कोपरा, जवळून)

हा कोपरा बघा. कुणी दगड मारलेला नाही. आत लोखंडी खिळा आहे. खाऱ्या वाऱ्याने तो गंजतो, गंजला की फुगतो आणि दगड फोडतो. मागचा जांभा चार महिने पाऊस पिऊन बसलेला असतो, त्यामुळे खिळ्याला ओल आतूनही मिळते.

आता वाचन. ‘यांचे स्मरणार्थ’ म्हणजे जे गेले ते. ‘यांजकडून’ म्हणजे ज्यांनी दिलं ते. आणि ‘यांचे शुभहस्ते’ म्हणजे ज्यांनी फीत कापली ते! हे तिसरं नाव बहुतेक वेळा सगळ्यांत मोठ्या अक्षरात असतं आणि पन्नास वर्षांनी गाव त्यालाच दाता समजतं. ‘गं. भा.’ असेल तर देणारी विधवा स्त्री आहे. तिचं नाव कागदांत नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावामागे शोधावं लागतं. रकमेत आणे असतील तर पाटी बहुधा १९५७ च्या आधीची, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली.

शक लिहिला असेल तर इसवी सन काढायला सगळे सरसकट ७८ मिळवतात. इथे चूक होते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पण जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर घ्या. ते २२ फेब्रुवारी १९३१ ला खुलं झालं, म्हणजे शके १८५२ चा फाल्गुन. ७८ मिळवलेत तर १९३० येईल आणि तुम्ही भलत्याच वर्षाचं दप्तर चाळत बसाल.

याच मंदिराचं आणखी एक. लोकांच्या तोंडी ते सावरकरांचं मंदिर. प्रेरणा त्यांची, ते तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. पण पैसा उभा केला भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीचे, मुंबईत बांधकामाच्या ठेक्यांत नाव काढलेले. दादरच्या स्मशानभूमीला नाव आहे ते याच कीरांचं. प्रेरणा एकाची, दान दुसऱ्याचं: आपल्या बागेलाही हाच प्रश्न विचारायचा.

आणि नाव नेहमी संस्थेइतकं जुनं नसतं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. तेव्हा टिळक आठ वर्षांचे होते! म्हणजे संस्था आधी, नाव नंतर. बागेचंही असंच झालेलं असू शकतं.

(पडद्यावर: सातबारा, फेरफार क्रमांकाभोवतीचं वर्तुळ)

आता कागद. सातबारावर कब्जेदाराच्या रकान्यात नावाजवळ वर्तुळात आकडा दिसतो, तो फेरफार क्रमांक. तलाठ्याकडे त्या क्रमांकाचा गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीतला उतारा, मागा. नाव कशाने लागलं, खरेदी, वारस की बक्षीसपत्र (दानाचा दस्त), ते तिथे लिहिलेलं असतं. जागा गावठाणात असेल तर सातबारा मिळणार नाही. भूमिअभिलेख कार्यालयात मालमत्ता पत्रक आहे का ते विचारा. क्षेत्र ताडताना लक्षात ठेवा, पाटीवर गुंठे आणि सातबारावर आर असतात. दहा गुंठे म्हणजे १०.१२ आर, साधारण १०१२ चौरस मीटर. आकड्यात मोठी तफावत दिसली की समजा, रस्त्यात जागा गेली आहे किंवा गडगा सरकला आहे. कोकणात गडगे सरकतात, हे काय वेगळं सांगायला नको.

बऱ्याचदा सातबारावर बागेचं नावच नसतं. दात्याच्या पुढच्या पिढीतली अठरा-वीस वारसांची रांग असते. का? कारण जमिनीचं दान शब्दावर होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे बक्षीसपत्र नोंदवलेलं हवं, दात्याची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत. शिवाय घेणाऱ्याने ते दाता हयात असताना स्वीकारलेलं हवं. ग्रामसभेत टाळ्या पडल्या, नारळ फुटला, कागद मात्र ‘पुढच्या मे महिन्यात येतो तेव्हा करू’ म्हणून राहिला आणि शेठ मुंबईतच वारले. झालं. दुसरी अडचण सामाईक जमिनीची. एका भावाने दिली तरी दिला जातो फार तर त्याचा हिस्सा, बाकीच्यांच्या सह्या नसतील तर बाग अर्धवटच दिलेली.

बक्षीसपत्र झालं असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूची २ मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत, सापडेल. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला द्यायचा असतो. म्हणून पाटीवरच्या तारखेच्या आधीचं एक आणि नंतरची दोन वर्षं तरी बघा. साक्षीदारांची नावं टिपून ठेवा, देणगी गोळा करणारी मंडळी बहुधा तिथेच सापडतात.

देखभाल न्यासाकडे असेल तर नोंदणी क्रमांकाचं पहिलं अक्षर बघा. ‘ई’ म्हणजे धर्मादाय न्यास, ‘एफ’ म्हणजे नोंदणीकृत संस्था. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा घ्या, त्यात विश्वस्त आणि स्थावर मिळकत दोन्ही असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो न दिल्याने वीस वर्षांपूर्वी वारलेले काका अजून विश्वस्त असतात आणि बँक नव्या सह्या घेत नाही.

पैशांचा माग मात्र गावात लागणं कठीण. तो मुंबईत. चाकरमान्यांच्या ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्तं, पावतीपुस्तकं लालबाग-परळकडच्या गावकीच्या खोल्यांत पत्र्याच्या ट्रंकेत असतात. पाच रुपये वर्गणी देणाऱ्यांची यादी तिथेच. पाटीवर जागा एकवीस नावांची, वहीत दोनशे. खोली रिकामी व्हायच्या आत प्रत्येक पानाचा फोटो काढा.

आणि हे सगळं जमलं की जुनी पाटी हलवू नका, खोडू नका. शेजारी छोटी पाटी लावा. स्मरणार्थ कोण, जमीन कुणाची आणि किती आर, रक्कम कुणाची, श्रमदान कोणत्या वाडीचं, दस्त क्रमांक आणि वर्ष. स्टेनलेस स्टीलचे चार स्क्रू घ्या, भिंत आणि पाटी यांत बोटभर फट ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी मागून निथळून जाईल.