पारा ४५, पंप कमरेला

(दृश्य: मे महिना, पहाटेचे साडेपाच. अंबाझरी तलावाचा काठ. धावणाऱ्यांपैकी एकीच्या कमरपट्ट्यात छोटं यंत्र, त्यातून निघून कुर्त्याखाली गेलेली बारीक नळी.)

नागपुरात मे महिन्यात धावायचं तर ते याच वेळी. नऊनंतर ऊन उभं राहू देत नाही. मधुमेहासाठी कमरेला इन्सुलिन पंप लावणाऱ्याला तर दोन जीव सांभाळायचे असतात, एक स्वतःचा आणि दुसरा पंपातल्या औषधाचा.

पंपात एकच, झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. ते दिवसरात्र थेंबाथेंबाने जातं, समजा तासाला ०.८ युनिट. हे बेसल. जेवताना बटण दाबून घ्यायचा तो बोलस. चोवीस तास पुरणारं इन्सुलिन अंगात नसतं, म्हणजे शिल्लक जवळजवळ शून्य. नळी दुमडली, कॅन्युला (नळीच्या टोकाचा, त्वचेखाली बसणारा बारीक तुकडा) निसटली किंवा उन्हाने इन्सुलिन बिघडलं, की काही तासांत शुगर चढते आणि पाठोपाठ कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं. म्हणून पंपवाल्याला चालढकल परवडत नाही.

धावण्यापूर्वी ६० ते ९० मिनिटं बेसल निम्मं करावं, असं सांगतात. साडेपाचला धावायचं तर चारला उठून बटण दाबायचं! हे कुणी रोज करत नाही. त्यापेक्षा धावण्याच्या दिवसांसाठी पंपात वेगळा बेसल आराखडा भरून ठेवावा; चार वाजता तो आपोआप कमी होतो. निघताना शुगर १२६ ते १८० असेल तर उत्तम. ९०च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्या. २७०च्या वर असेल तर कीटोन तपासा, आणि ते वाढलेले असतील तर बूट काढून ठेवा. या आकड्यांवरून सुरुवात करायची; स्वतःचे आकडे डॉक्टरांबरोबर बसून ठरतात.

वाटेत शुगर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. खिशात संत्रा बर्फी ठेवणारे पुष्कळ भेटतात. गोड आहे खरी, पण तिच्यातल्या खव्याच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ती घरी खा. संध्याकाळी फुटबॉल खेळलात तर शुगर त्याच रात्री झोपेत पडू शकते. अशा रात्री झोपताना सहा तासांसाठी बेसल २० टक्के कमी ठेवतात.

(दृश्य: खिडकीतला कूलर. ताट्यांवरून झिरपणारं पाणी.)

झटपट इन्सुलिनला ३७ अंशांच्या वर ठेवायचं नसतं, आणि नागपूरचा पारा ४५ गाठतो. बाहेर पडताना पंप आणि नळी कपड्यांच्या आत ठेवा. उन्हात लोंबणारी नळी आधी तापते. उन्हाळ्यात रिझर्व्हॉयर, म्हणजे पंपातली इन्सुलिनची टाकी, काठोकाठ भरू नका. दिवसाला ४० युनिट लागत असतील तर दोन दिवसांचे ८० आणि नळी भरायला, वर थोडे, असे २०. शंभर पुरे. तीनशे युनिट भरले तर तेच इन्सुलिन आठवडाभर अंगाच्या उबेत राहतं.

जादा कुपीसाठी ओली पिशवी मिळते. दहा मिनिटं पाण्यात बुडवली की आतले स्फटिक फुगतात आणि पाणी उडताना कुपी गार राहते. हे आपल्या कूलरचंच तत्त्व, म्हणून तिच्या खोडीही कूलरच्याच. बंद बॅगेत कोंबली तर वारा नाही, गारवाही नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत झकास चालते. जुलैच्या दमट हवेत कूलरसारखीच हात टेकते. बर्फाला कुपी चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं.

(दृश्य: हात धुतलेले. कुपी, सेट, चिकटपट्टी.)

उन्हाळ्यातली खरी डोकेदुखी म्हणजे घाम; त्याने चिकटपट्टी सुटते. सेट, म्हणजे नळी आणि कॅन्युला, दोन-तीन दिवसांनी बदलायचाच. तो सकाळी बदला. रात्री बदलून झोपलात आणि कॅन्युला आत वाकली, तर पहाटेपर्यंत कळणार नाही. कुपी फ्रिजमधून आधी काढून ठेवा. गार इन्सुलिन तापलं की रिझर्व्हॉयरमध्ये बुडबुडे धरतात. नळी भरताना सेट अंगाला जोडलेला नसावा. यात चूक झाली तर भलतेच युनिट अंगात जातात. सुईच्या टोकावर थेंब दिसेपर्यंत भरा. साबणाने धुतलेली जागा पूर्ण कोरडी करा. तेल नको, पावडर तर नकोच. बेंबीपासून दोन इंच आणि जुन्या जागेपासून इंचभर दूर लावा. घाम निथळत असताना लावू नका, पंख्याखाली बसा. दोन तासांनी शुगर बघा.

पोहायला जाताना पंप काढून सावलीत ठेवा, तासाभरात परत जोडा.

सावजी जेवणाला एकदम दिलेला बोलस फसतो. तेल-मटणामुळे शुगर तीन-चार तासांनी चढते, म्हणून थोडा आत्ता आणि उरलेला दोन-तीन तासांत पसरून देतात. तर्री पोहे उलटे: पोहे पटकन चढतात, त्यामुळे बोलस खाण्यापूर्वी.

(दृश्य: दुपारचे दोन. रस्ता ओस. सावलीत उभी स्कूटर.)

शुगर २५०च्या वर अडली आणि कारण सापडत नसेल, तर कीटोन तपासा. ते वाढले असतील तर शुगर उतरवायचा दुरुस्तीचा डोस पंपातून नको, इन्सुलिन पेनने घ्या. पंपाचा रस्ताच तुंबलेला असू शकतो. मग सेट, इन्सुलिन दोन्ही नवं. पाणी प्या. रक्तातले कीटोन १.५ मिलिमोलच्या वर किंवा उलटी होत असेल तर लगेच दवाखाना. यासाठी पेन, जादा सेट, कीटोनच्या पट्ट्या आणि ग्लुकोज सोबत हवं. ती पिशवी खांद्याला अडकवायची. स्कूटरच्या डिक्कीत नाही. दुपारी तिथे हात घालून बघा.