एस्प्रेसो आणि गाळलेली कॉफी

श्रोतेहो, नमस्कार.

एस्प्रेसो, म्हणजे छोट्या कपातली दाट, कडक कॉफी, प्यायली की झोप उडते, तिच्यात कॅफीन फार असतं, असं आपण सहज म्हणून जातो. आकडे थोडं वेगळं सांगतात. ३० मिलिलिटर एस्प्रेसोमध्ये कॅफीन असतं साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम. फिल्टरमधून गाळलेल्या कॉफीचा २४० मिलिलिटरचा मग घेतला, तर त्यात ९५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे मग रिकामा करणाऱ्याच्या पोटात जास्त कॅफीन जातं. घोटामागे हिशेब केलात तर मात्र एस्प्रेसो कितीतरी पुढे आहे.

मग या दोघींत फरक कशाने पडतो? बियांनी? नाही. एस्प्रेसो म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत बहुधा गडद भाजलेल्या बिया असतात, पण तो आवडीचा भाग झाला. त्याच बियांची गाळलेली कॉफीही होते. खरा फरक पडतो तो पाणी भुकटीतून कोणत्या जोराने आणि किती वेळात जातं, यावर.

गाळलेल्या कॉफीत पाणी आपल्याच वजनाने खाली उतरतं. एक भाग कॉफीला पंधरा ते सतरा भाग पाणी, आणि तीन-चार मिनिटांचा अवधी. भुकटी मध्यम जाड. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने टीपकागद वापरून गाळणी तयार केली आणि तिचं पेटंटही घेतलं. आजचा कागदी फिल्टर तिथून आला.

एस्प्रेसोत पाण्याला ढकललं जातं, तेही ९ बार इतक्या दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे नऊपट. आजच्या प्रचलित मापाने १८ ग्रॅम कॉफी घेतली तर २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास पेय कपात उतरतं. एवढ्या थोड्या वेळात अर्क उतरायचा, तर पाण्याला कॉफीचा जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळायला हवा. म्हणून भुकटी अगदी बारीक दळतात आणि दाबून घट्ट बसवतात. पण बारीक, घट्ट थरातून पाणी आपणहून सरकत नाही, आणि म्हणूनच तो दाब लागतो. हीच भुकटी कागदी फिल्टरमध्ये घालून पाहा. पाणी तुंबून राहील आणि कॉफी कडू होईल. उलट, फिल्टरची जाड भुकटी यंत्रात घातली तर पाणी धो-धो निघून जाईल आणि कपात आंबट, पांचट पाणी येईल. म्हणून घरी एस्प्रेसोचं यंत्र आणायचा विचार असेल, तर आधी चांगल्या ग्राइंडरसाठी पैसे बाजूला काढा, असं मी आवर्जून सांगेन.

हा दाब माणसाला एका दिवसात सापडला नाही. १८८४ साली इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी एकेक कप झटपट काढता येईल अशी रचना आणली. पण वाफेचा दाब जेमतेम दीड-दोन बार. शिवाय पाणी फार तापायचं, त्यामुळे कॉफीला जळकट चव यायची. खरा पालट केला आकिले गाज्जा यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी तरफ आणि स्प्रिंगच्या जोरावर पाणी ढकलणारं यंत्र बाजारात आणलं, आणि दाब आठ-नऊ बारपर्यंत पोहोचला. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई ६१ यंत्रात हे काम विजेच्या पंपाकडे गेलं.

गाज्जांच्या यंत्राने एक नवीच गोष्ट कपात आणली. एस्प्रेसोवरचा तो सोनेरी-तपकिरी फेस, म्हणजे क्रेमा. बिया भाजताना त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो. दाबाखाली तो पाण्यात विरघळतो, आणि पेय बाहेर पडून दाब उतरला की सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपात वर येतो. बिया फार शिळ्या असतील तर वायू आधीच उडून गेलेला असतो, त्यामुळे फेसही क्षीण येतो. मात्र जाड फेस दिसला म्हणजे चव उत्तमच, असं समजू नका. रोबस्टा या जातीच्या कॉफी बियांचा फेस भरघोस येतो, पण चव बरेचदा रांगडी असते.

आता मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. गाळलेल्या कॉफीत विरघळलेले घटक असतात सव्वा ते दीड टक्का, बाकी सगळं पाणी. एस्प्रेसोत तेच आठ ते बारा टक्के. तरीही भुकटीतून काढून घेतलेला हिस्सा चांगल्या कपात दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो, वजनाच्या १८ ते २२ टक्के. १८ ग्रॅम भुकटीतून साडेतीन-चार ग्रॅम कॉफी पाण्यात गेली, की उरलेला चोथा टाकूनच द्यायचा. एवढाच ऐवज एकीकडे तीन-चार मिनिटांत भरपूर पाण्यात उतरतो, दुसरीकडे अर्ध्या मिनिटात दोन-तीन घोटांत.

मग एस्प्रेसोत गरम पाणी ओतलं की गाळलेली कॉफी तयार होईल का? अमेरिकानो असाच करतात, पण चव तीच येत नाही. दाबामुळे कॉफीतलं तेल बारीक थेंबांच्या रूपात पेयात मिसळतं, अतिसूक्ष्म कणही सोबत येतात, आणि पाणी घातल्यावरही ते कपातच राहतात. तोंडात जाणवणारा दाटपणा त्यांचाच. कागदी फिल्टर हे तेल बहुतांश अडवून धरतो. तेलासोबत कॅफेस्टॉल नावाचा, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारा घटकही अडतो, तेव्हा ज्यांना त्याचं पथ्य आहे त्यांना कागदातून गाळलेली कॉफी अधिक सोयीची. आणि बियांमधला फुलांचा, फळांचा नाजूक सुगंध वेगवेगळा ओळखायचा असेल, तर मीही कागदी फिल्टरच काढतो.