दात घासायला नळ हवा

श्रोतेहो, नमस्कार.

आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर नावाचा एक समाज आहे. २०२२च्या जनगणनेत त्यांची संख्या भरली ३२,९४९, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. दिसायला, धर्मानं ते इतर आयरिश माणसांसारखेच. रोमा, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांशी त्यांचं रक्ताचं नातं असावं, असं पुष्कळांना वाटायचं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानं ते खोडून काढलं. हे मूळचे आयरिशच, निदान साडेतीनशे वर्षांपूर्वी बाकीच्यांपासून वेगळे झालेले. गावोगाव फिरून पत्र्याची भांडी घडवायची, फुटकी सांधून द्यायची, घोड्यांची खरेदी-विक्री करायची, हंगामात शेतावर मजुरी करायची. आपल्याकडचे कल्हईवाले आणि घिसाडी आठवा. प्लॅस्टिक आलं आणि त्यांचाही भांड्यांचा धंदा बसला.

मी तिथल्या एका प्रसूती रुग्णालयात परिचारिका आहे. या समाजातल्या मुलांच्या तब्येतीबद्दल आणि रोजच्या सवयींबद्दल आज बोलायचं आहे, आणि सुरुवात जन्मापासूनच करावी लागेल.

आयर्लंडमध्ये प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासतात. एरवी हे तिसऱ्या ते पाचव्या दिवसात होतं. ट्रॅव्हलर बाळाची मात्र एक तपासणी पहिल्याच दिवशी करतात. गॅलेक्टोसेमिया हा आनुवंशिक आजार या समाजात सुमारे ४८० जन्मांमागे एका बाळाला होतो. बाकीच्या लोकांत तो फारच विरळा. लग्नं आपापसात होतात, त्यामुळे सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही येण्याची शक्यता वाढते. दुधातल्या साखरेपासून तयार होणारं गॅलेक्टोज अशा बाळाला पचवता येत नाही. ते अंगात साठतं, यकृत बिघडतं, डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊन बाळ दगावूही शकतं. आणि ही साखर आईच्या दुधातही असतेच. म्हणून तपासणीचा निकाल येईपर्यंत बाळाला सोयाबीनपासून खास तान्ह्या बाळांसाठी बनवलेलं दूध बाटलीनं पाजायची पद्धत आहे.

पद्धत योग्यच आहे, तिनं जीव वाचतात. पण बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून पाहिलं की दुसरी बाजू दिसते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला आम्ही बाळ छातीशी धरायला शिकवत असतो, आणि हिच्या हातात बाटली. हिनं स्वतःचं दूध काढत राहायचं, पान्हा टिकवायचा आणि निकालाची वाट बघायची. निकाल चांगला आला की अंगावर पाजायला हरकत नसते. पण तोवर बाळ बाटलीला सरावलेलं असतं, आणि घरातल्या मोठ्या बायांनाही बाटलीचीच सवय. या समाजात अंगावर पाजण्याचं प्रमाण फार कमी आहे. नुसतं 'त्यांना आवडत नाही' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

२०१०मध्ये संपूर्ण आयर्लंडमधल्या ट्रॅव्हलर समाजाच्या आरोग्याची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावणारी बाळं ट्रॅव्हलर समाजात १४.१ आणि देशात सरासरी ३.९. पुरुषांचं आयुर्मान ६१.७ वर्षं, म्हणजे इतर पुरुषांपेक्षा पंधरा वर्षांनी कमी. म्हातारे आजोबा तिथं थोडे दुर्मिळच.

आता सवयींकडे येते. बहुतेक ट्रॅव्हलर आज पक्क्या घरांत राहतात. उरलेल्यांपैकी बरेच जण नगरपालिकेनं आखून दिलेल्या जागेवर ट्रेलर, म्हणजे चाकांचं घर, उभं करून राहतात. मुलांच्या हक्कांसाठी नेमलेल्या लोकपाल कार्यालयानं २०२१मध्ये अशाच एका जागेचा अहवाल दिला. जागा दहा कुटुंबांसाठी, राहत होती ३८, त्यांत ६६ मुलं. चाळीस माणसांसाठी बांधलेली न्हाणीघरं आणि शौचालयं १४० जण वापरत होते. ओल, उंदीर आणि चिखल. शाळेत कुणी विचारलं की कपडे मळके का, तर चिखलातून चालत आलो हे सांगायचीही मुलांना लाज वाटायची.

अशा मुलाला दिवसातून दोनदा दात घास, जेवणाआधी हात धू, असं सांगणारं रंगीत पत्रक द्यायचं? जानेवारीत, पहाटेच्या अंधारात, पावसात बाहेर जाऊन रांग लावल्यावर पाणी मिळणार असेल तर आठ वर्षांचं पोर काय करील, हे सांगायला आरोग्य खातं कशाला हवं! खाण्याचंही तेच. एका छोट्या फ्रिजमध्ये आणि गॅसच्या शेगडीवर सात-आठ जणांचं भागवायचं म्हटलं की पाव, सॉसेज आणि तळलेले बटाटे हाताशी येतात. ट्रेलरच्या पत्र्याला आतून थंडीत पाणी सुटतं, अंथरुणं दमट होतात, आणि मग खोकला हटत नाही.

यावरून लोक त्यांना घाणेरडे ठरवतात, याचा मला मनापासून राग येतो. शेजारच्या इंग्लंडमधले जिप्सी वंशानं वेगळे, पण जगणं असंच फिरतं; त्यांच्या कुटुंबांत जुन्या वळणाच्या बाया भांडी धुण्याचं घमेलं वेगळं ठेवतात, अंग धुण्याचं वेगळं. एकाचं काम दुसऱ्यात केलं तर ते भांडं बाटलं, टाकून द्यायचं. आपल्या आजीचं सोवळं यापुढे सौम्य वाटेल. ट्रेलरच्या आत शौचालय असणंही अनेकांना नको वाटतं.

आयर्लंडच्या सरकारनं फिरस्त्यांच्या 'प्रश्नावर' नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९६३ साली आला. आयोगात एकही ट्रॅव्हलर नव्हता, आणि उपाय काय, तर यांना इतरांत मिसळून टाका. वेगळा वांशिक गट म्हणून त्यांना मान्यता मिळाली ती थेट १ मार्च २०१७ला.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली. १९९४मध्ये डब्लिनच्या पॅव्ही पॉइंट या संस्थेनं ट्रॅव्हलर बायांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करायला घेतलं. पुढे हे काम देशभर पसरलं. आपल्या आशाताईंसारखंच, पण इथं गावाऐवजी समाज धरून. पुष्कळ जणींचं शिक्षण जेमतेम, म्हणून चित्रांवर भर. ही बाई ट्रेलरमध्ये चहा घेत बसते तेव्हा तिला विचारावं लागत नाही की पाणी कुठून आणता. तिला ते ठाऊक असतं, आणि नळ बंद असेल तर नगरपालिकेशी भांडायलाही तीच जाते.

गोवराच्या लशीचंच बघा. पहिला डोस बाराव्या महिन्यात डॉक्टरकडे, दुसरा चार-पाच वर्षांचं झाल्यावर शाळेत. बोलावणं टपालानं येतं. ट्रेलर हलला, पेटी सामाईक असली, किंवा आईला वाचता येत नसलं की पत्र वाया. मग आरोग्य कार्यकर्ती दारोदार जाऊन संमतीचा कागद वाचून दाखवते, सही घेते, आणि इंजेक्शननंतर ताप आला तर काय करायचं तेही तिथंच सांगून येते.